महागड्या बॅगची हुबेहूब नक्कल केली, तर त्यातले श्रम दिसतात का?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. काही वर्षं तुम्ही चामड्याचं काम शिकत आहात. एका जगप्रसिद्ध, अतिशय महागड्या बॅगची हाताने शिवलेली प्रतिकृती तुम्ही केलीत आणि ती प्रदर्शनात मांडलीत. शेजारी तासांची नोंद लावली, काम करतानाचा व्हिडिओ लावला. विषय श्रमाचा होता. पण निम्मे लोक म्हणाले, ‘छान नक्कल आहे’ आणि बाकीच्यांनी विचारलं, ‘ही खरी आहे का?’ श्रमाबद्दल कोणी बोललंच नाही. आता पुढच्या प्रदर्शनासाठी काय बदलावं, लोगो ठेवावा की काढावा, आणि ही वस्तू विकता येईल का, असं तुम्ही विचारलं आहे.

मी बरीच वर्षं बॅगा शिवते, शिवायला शिकवते आणि त्याच कामातून प्रदर्शनांसाठी वस्तूही करते. तुम्ही पाठवलेल्या फोटोंवरून सांगते, तुमचा हात चांगला आहे. अडचण तिथे नाही. जी गोष्ट दाखवायची आहे तीच पुसून टाकणारा प्रकार तुम्ही निवडला आहे, अडचण ती आहे.

शिलाईचंच बघा. सॅडल स्टिचमध्ये, म्हणजे अशा बॅगांच्या हाताच्या टाक्यात, एकाच दोऱ्याच्या दोन टोकांना दोन सुया असतात. आरीने तिरकं भोक पाडायचं आणि दोन्ही सुया त्याच भोकातून समोरासमोरून काढायच्या. मशीनच्या टाक्यात वरचा आणि खालचा दोरा चामड्याच्या मध्यावर एकमेकांत अडकतात, त्यामुळे एक तुटला की शेजारचे टाकेही सैल पडू लागतात. हाताच्या टाक्यात दोऱ्याचा एक फेरा झिजून तुटला तरी दुसरा धरून राहतो. हा फायदा खरा आहे, आणि तो खोगीर आणि लगाम शिवणाऱ्यांच्या गरजेतून आलेला आहे. महागड्या बॅगांसाठी प्रसिद्ध असलेल्या हर्मेस या फ्रेंच कंपनीची सुरुवातसुद्धा १८३७ मध्ये पॅरिसमध्ये घोड्यांचा साज बनवणारी कार्यशाळा म्हणूनच झाली. पण प्रेक्षकाला यातलं काय दिसतं? एका ओळीतले, किंचित तिरके, सारख्या मापाचे टाके. हात जितका तयार, तितके टाके सारखे. आणि टाके जितके सारखे, तितके ते अनोळखी डोळ्याला मशीनचे वाटतात.

कडांचं काम तर याहूनही मुकं. थर चिकटवायचे, शिवायचे, रापीने कड सारखी करायची, पॉलिश पेपरने घासायची, रंग द्यायचा, वाळू द्यायचा, पुन्हा घासायचं, पुन्हा रंग, शेवटी गरम लोखंडाने मेण बसवायचं. ही सगळी खटपट थरांमधली रेघ नाहीशी करण्यासाठी असते. कड नीट झाली म्हणजे तिच्यावर कोणी बसून काम केलंय हे कळतच नाही. महागड्या बॅगचा ‘फिनिश’ म्हणतात तो हाच: श्रमांच्या खुणा पुसण्यासाठी घातलेले आणखी श्रम. तुम्ही हुबेहूब नक्कल केलीत, म्हणजे ते पुसणंही हुबेहूब केलंत. मग प्रेक्षकाने श्रम कुठे शोधायचे?

तुम्ही म्हणाल, त्यासाठीच तर व्हिडिओ होता. पण हातांचे जवळून घेतलेले शॉट, मेण लावलेला दोरा, शांत कार्यशाळा ही भाषा या कंपन्यांच्या जाहिरातींनी आधीच आपलीशी केली आहे. हर्मेस २०२१ पासून ‘हर्मेस इन द मेकिंग’ नावाचं फिरतं प्रदर्शन भरवतं. त्यात कारागीर लोकांसमोर बसून काम करतात आणि त्यांच्या प्रश्नांना उत्तरं देतात. त्या कारागिरांचं कसब अस्सल आहे, त्याबद्दल मला मनापासून आदर आहे. पण एका माणसाने एक बॅग पहिल्यापासून शेवटपर्यंत शिवली, ही गोष्ट त्या बॅगच्या किमतीचाच भाग आहे. म्हणजे चैनीच्या वस्तूंच्या जगात श्रम सरसकट लपवलेले नसतात. काही श्रम मुद्दाम उजेडात ठेवलेले असतात. तुमचा व्हिडिओ नकळत त्याच उजेडात जाऊन उभा राहिला.

म्हणून माझ्या मते तुमचा खरा प्रश्न ‘श्रम कसे दाखवू’ हा नाही. ‘कोणाचे श्रम दाखवू’ हा आहे. या एका वस्तूभोवती निदान तीन प्रकारचे श्रम आहेत. पहिले श्रम गौरवलेल्या कारागिराचे, त्याबद्दल वर बोललेच.

दुसरे श्रम उपकंत्राटात काम करणाऱ्यांचे. जून २०२४ मध्ये मिलानच्या न्यायालयाने डिओर या फ्रेंच फॅशन कंपनीसाठी बॅगा बनवून घेणाऱ्या इटलीतल्या एका उपकंपनीवर वर्षभरासाठी न्यायालयीन प्रशासक नेमला. न्यायालयाच्या कागदपत्रांनुसार, दुकानात २,६०० युरोंना विकल्या जाणाऱ्या एका बॅगच्या जोडणीसाठी पुरवठादाराला ५३ युरो मिळत होते. यात चामड्याचा खर्च धरलेला नाही. तुम्ही हा आकडा वापरलात तर हे सांगायला विसरू नका, नाहीतर तुलनाच खोटी ठरते. कंपनीवर फौजदारी आरोप नव्हता. पुरवठादारांकडे काय चाललंय यावर पुरेसं लक्ष ठेवलं नाही, हा ठपका होता. पुढे देखरेखीची पद्धत सुधारल्यावर फेब्रुवारी २०२५ मध्ये प्रशासक मुदतीआधीच हटवला गेला. पण तपासात जे समोर आलं ते मला विसरता येत नाही. कामगार कार्यशाळेतच झोपत होते. कामाचा वेग वाढावा म्हणून मशीनवरची सुरक्षा उपकरणं काढून टाकलेली होती.

आणि रात्रंदिवस, सुट्टीच्या दिवशीही काम चालायचं, हे तपास करणाऱ्यांना कशातून दिसलं? विजेच्या वापराच्या नोंदींतून.

इथे कलाकाराने थांबून विचार करावा असं मला वाटतं. बॅगवर त्या रात्रींची एकही खूण नव्हती. ती मीटरवर होती. तुम्हाला दुसऱ्या प्रकारच्या श्रमांबद्दल बोलायचं असेल, तर बॅग कितीही सुबक केलीत तरी ती बोलणार नाही. भिंतीवर विजेच्या वापराचा एक साधा आलेख तिच्यापेक्षा जास्त सांगून जाईल.

तिसरे श्रम नक्कल करणाऱ्याचे. याबद्दल बोलायला लोक कचरतात. नकली मालाच्या धंद्याचा मला पुळका नाही. तिथल्या कामगाराची अवस्था बहुतेक वेळा आणखी वाईट असते आणि त्याच्या बाजूने बोलणारं कोणीच नसतं. पण नक्कल करायलाही हात लागतात, आणि कधीकधी ते हात मूळ कंपनीच्या पुढे जातात. न्यूयॉर्कच्या हार्लेम भागात फॅशन डिझायनर डॅपर डॅन यांनी १९८२ मध्ये दुकान उघडलं. मोठ्या फॅशन घराण्यांची चिन्हं ते स्वतः चामड्यावर छापायला शिकले आणि त्यातून त्यांनी असे कपडे शिवले, जे त्या घराण्यांनी तोवर कधी केलेच नव्हते. कंपन्यांच्या कायदेशीर कारवायांनंतर १९९२ मध्ये दुकान बंद पडलं. मग २०१७ मध्ये गुची या इटालियन फॅशन घराण्याच्या शोमध्ये एक जॅकेट आलं, ते त्यांच्या १९८९ च्या जॅकेटची सरळ आठवण करून देणारं होतं. त्यावर गदारोळ झाला, पुढे दोघांनी हातमिळवणी केली आणि २०१८ मध्ये गुचीच्या पाठबळावर हार्लेममध्ये त्यांची नवी कार्यशाळा उघडली. मूळ कोणतं आणि नक्कल कोणती, हा प्रश्न तिथे पार उलटा होऊन बसला.

आता हे तिन्ही एकाच वस्तूत कोंबायचा मोह होतो. कोंबू नका. एक निवडा.

निवडल्यावरचं माझं म्हणणं सरळ आहे: नक्कल पूर्ण करू नका. ती कुठेतरी मोडली पाहिजे, आणि कुठे मोडायची हे तुम्ही ठरवलं पाहिजे. हुबेहूबपणा जिथे सुटतो तिथेच प्रेक्षकाला माणसाचा हात दिसतो. या विषयावरची जी कामं माझ्या मनात राहिली आहेत, त्या सगळ्यांत हे सापडतं.

स्टेफनी सिहुको या कलाकाराने २००६ मध्ये ‘काउंटरफिट क्रोशे प्रोजेक्ट’ सुरू केला. क्रोशे करणाऱ्यांना तिने आवाहन केलं, की तुम्हाला हवीशी वाटणारी एखादी नामांकित बॅग निवडा आणि ती सुईने विणा. नमुना म्हणून इंटरनेटवरचे छोटे, अस्पष्ट फोटो. फोटोतल्या चौकोनी ठिपक्यांचे टाके झाले, लोगो वेडेवाकडे आले, बकलांच्या जागीही दोराच. त्या बॅगेला कोणी खरी समजणार नाही, आणि नेमकं म्हणूनच प्रत्येक टाका मोजता येतो. क्रोशेचा टाका लपवताच येत नाही, हा माध्यमाचा गुण तिने ओळखला. शिवाय जो विणतो त्याला ती बॅग स्वतःला हवी असते. त्यामुळे श्रमांबरोबर इच्छाही समोर येते, जी तुमच्या मांडणीत कुठेच नव्हती.

अमेरिकन कलाकार टॉम सॅक्स यांनी १९९० च्या दशकात अशाच घराण्यांची नावं घेऊन पुठ्ठा, फोमबोर्ड आणि गोंद यांतून वस्तू केल्या. १९९८ चा ‘शनेल गिलोटिन’ (गिलोटिन म्हणजे शिरच्छेदाचं यंत्र) त्यांतला सर्वांत प्रसिद्ध. जोड, गोंद, हाताने कापल्याच्या खुणा ते झाकत नाहीत. मला त्यांच्या विषयांपेक्षा ही शिस्त जास्त शिकवून गेली. जोड उघडा ठेवणं हेही कसबच आहे, कारण उघडा जोड गबाळा असला तर तो निव्वळ गबाळेपणा दिसतो.

तुमच्या प्रश्नाच्या सर्वांत जवळचं काम मात्र मिस्चिफ (MSCHF) या अमेरिकन कलासमूहाचं आहे. ‘ग्लोबल सप्लाय चेन टेलिफोन’ या २०२४ च्या बॅगमध्ये त्यांनी पेरू, पोर्तुगाल, भारत आणि चीन इथल्या कारखान्यांतून एक डिझाइन पुढे सरकवत नेलं. कानगोष्टींच्या खेळासारखं प्रत्येक ठिकाणी त्यात काहीतरी बदललं, आणि शेवटी चार नामांकित बॅगांचे अवशेष एकाच वस्तूत दिसू लागले. एरवी कारखान्याने काही बदललं तर ती चूक ठरते. इथे बदल हीच कारखान्याची सही झाली. माझी एकच तक्रार आहे: कारखान्याची सही दिसली, पण त्यातल्या माणसाची दिसली नाही. तुमच्यासाठी जागा तिथे मोकळी आहे.

इथपर्यंतचं थोडक्यात: हुबेहूब प्रतिकृती श्रम झाकते, श्रमांचा व्हिडिओ जाहिरातीची भाषा बोलतो, म्हणून आधी कोणाचे श्रम ते ठरवायचं आणि मग नक्कल त्याच कारणासाठी, त्याच जागी मोडायची.

आता प्रत्यक्ष कामाचं. मी स्वतः करून पाहिलेल्या आणि विद्यार्थ्यांकडून करून घेतलेल्या गोष्टींपैकी तीन तुमच्या उपयोगाच्या वाटतात.

सर्वांत साधी म्हणजे बॅग उभी कापणं. पूर्ण शिवून झालेली बॅग मधोमध कापायची आणि दोन्ही अर्धे समोरासमोर ठेवायचे. बाहेरून एकसंध दिसणाऱ्या वस्तूच्या आत किती थर आहेत, कुठे पुठ्ठ्यासारखा आधार दिलाय, कुठे चामडं तासून कागदाइतकं पातळ केलंय, हँडलच्या आतला गाभा थरांवर थर देऊन कसा घडवलाय, हे सगळं एका नजरेत दिसतं. शिवलेली बॅग कापताना विद्यार्थ्यांचा हात थरथरतो. त्यांना मी घाई करत नाही, कारण कापणारा अडखळतो तिथे प्रेक्षकही अडखळतो. ही पद्धत पहिल्या प्रकारच्या श्रमांसाठी, म्हणजे कसबासाठी उत्तम.

दुसरी गोष्ट शिकवायच्या फळीवरून सुचली. एकाच भागाच्या, समजा हँडलच्या, आठ-दहा प्रती करायच्या आणि प्रत्येक एकेक टप्पा पुढे नेऊन थांबवायची: कापलेलं, तासलेलं, चिकटवलेलं, भोकं पाडलेलं, शिवलेलं, मग कडेचे टप्पे. शेवटच्या दोन-तीन प्रतींत फरक जवळजवळ दिसत नाही, पण काम सर्वांत जास्त तिथेच असतं. त्या प्रती लोकांच्या हातात द्या. डोळ्याला न कळणारा फरक बोटाला लगेच कळतो. अर्थात हे प्रदर्शनाची जागा स्पर्शाला परवानगी देते का, यावर अवलंबून आहे. नसेल तर हा मार्ग सोडा. काचेमागे त्याचा जीव जातो.

तिसरी मला सर्वांत महत्त्वाची वाटते, आणि ती दुसऱ्या प्रकारच्या श्रमांसाठी आहे. पैशाला कात्री बनवायचं. बॅगच्या जोडणीसाठी प्रत्यक्ष दिला गेलेला आकडा घ्या, वर दिलेले ५३ युरो घ्या हवं तर. तुमच्या देशातल्या कायदेशीर किमान वेतनाने त्या रकमेत किती तास विकत मिळतात ते काढा. तेवढेच तास काम करा आणि घड्याळ थांबलं की सुई जिथे असेल तिथे सोडा. बॅग जिथे अर्धी राहील तिथे ती का अर्धी राहिली, हे प्रेक्षकाला समजवावं लागत नाही. शेजारी एका ओळीत नियम लिहिला की पुरे. पण नियम प्रामाणिक हवा. पुरवठादाराला मिळणाऱ्या रकमेतून जागाभाडं, वीज, मशीनही जातं, सगळी रक्कम मजुरी नसते. आणि त्या कार्यशाळांत मशीनचं काम चालायचं, म्हणून तुम्हीही मशीनवरच शिवा. हाताने शिवून ‘बघा किती कमी झालं’ म्हणणं म्हणजे प्रेक्षकाची फसवणूक, आणि एखादा जाणकार समोर आला तर पूर्ण काम तिथेच कोसळतं.

शक्य असेल तर या तिसऱ्या कामात एखाद्या व्यावसायिक शिलाई कारागिराला सोबत घ्या. त्याला योग्य मेहनताना द्या, आणि त्याची इच्छा असेल तर त्याचं नाव तुमच्या नावाइतक्याच मोठ्या अक्षरांत लावा. दुसऱ्याच्या श्रमांवर बोलणाऱ्या कलेत श्रम करणारा पुन्हा निनावी राहिला, तर आपण त्या पुरवठा साखळीत आणखी एक कडी जोडली एवढंच होतं. याबाबत मी तडजोड करत नाही.

आता लोगो. हे तुमचा देश, प्रदर्शनाची जागा आणि पुढे विक्री होणार का, या तिन्हींवर अवलंबून आहे, म्हणून आपल्या इथल्या वकिलाला विचाराच. दोन निकाल मात्र समजून घ्या. नादिया प्लेसनर या डॅनिश कलाकाराने सुदानमधल्या दारफूरच्या संकटावरच्या आपल्या चित्रात लुई व्हिटॉनच्या बॅगचं रूप वापरलं. कंपनी न्यायालयात गेली, आधी दंडासह मनाईही मिळाली. पण मे २०११ मध्ये हेगच्या न्यायालयाने कलाकाराच्या अभिव्यक्तीच्या बाजूने निकाल दिला. उलट मेसन रॉथचाइल्ड यांनी २०२१ मध्ये ‘मेटाबर्किन्स’ या नावाने हर्मेसच्या बर्किन या बॅगच्या केसाळ डिजिटल प्रतिमा विकल्या, तेव्हा हर्मेसने अमेरिकेत खटला भरला, आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये ज्यूरीने रॉथचाइल्ड यांना १,३३,००० डॉलर भरपाई द्यायला लावली. देश वेगळे, कायदे वेगळे, त्यामुळे थेट तुलना होत नाही. तरी माझ्या कामापुरता मी त्यातून हा अर्थ घेतला आहे: चिन्ह वापरून काही म्हणणं एक, आणि चिन्हाच्या नावावर तशीच वस्तू विकायला ठेवणं दुसरं.

कायद्याखेरीज कलेचंही एक कारण आहे. लोगो हा नजर खेचून घेतो. लुई व्हिटॉनचा मोनोग्राम, म्हणजे आद्याक्षरांची नक्षी, १८९६ मध्ये आला, त्यामागे नक्कल रोखण्याचाही हेतू होता. आज जगात सर्वांत जास्त नक्कल होणाऱ्या नक्षींत तो आहे. तुमच्या बॅगवर असं चिन्ह असलं की प्रेक्षक ‘खरी का खोटी’ याच प्रश्नात अडकतो, शिलाईपर्यंत पोहोचतच नाही. तुमच्या पहिल्या प्रदर्शनात हेच झालं. विषय नक्कल करणाऱ्याच्या श्रमांचा असेल तर लोगो लागेल, कारण गुन्हा तिथेच आहे. बाकी दोन्हींसाठी काढून टाका. त्या बॅगांचा आकारच इतका ओळखीचा आहे की नाव लिहायची गरज नाही. मात्र आकारालाही कायद्याचं संरक्षण असू शकतं, हे वकिलाशी बोलताना आठवणीने विचारा.

राहिली विक्री. वापरता येईल अशी बॅग विकू नका. कापलेली, अर्धवट सोडलेली किंवा टप्प्यांत मांडलेली वस्तू असेल तर ती शिल्प म्हणून विकायला मला काही अडचण वाटत नाही, पण सोबत लेखी कागद द्या: ही कोणत्याही कंपनीची वस्तू नाही, कोणत्याही कंपनीचा तिच्याशी संबंध नाही, ती कोणी शिवली, कोणत्या नियमाने शिवली आणि शिवणाऱ्याला किती पैसे मिळाले. कारागीर सोबत असेल तर विक्रीतला त्याचा वाटा काम सुरू करण्याआधीच ठरवून त्या कागदावर दोघांच्या सह्या घ्या.